यंदा निळं उठलं नाही

२०४१च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या सर्वांत सुरक्षित फाउंड्रीत अकरा माणसं एकामागून एक खाली बसली. 'सर्वांत सुरक्षित' हे माझं मत नव्हे, गेटवर तशी पाटी आहे. बसलेल्यांपैकी कुणी ओरडलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग आपण उभे कशासाठी आहोत ते आठवत नाही, म्हणून माणूस बसतो.

बारावा माणूस सरपटत दारापर्यंत गेला आणि त्यानं दार उघडलं, म्हणून अकराही जण जिवंत राहिले. हा बारावा म्हणजे माझा नवरा. सर्जेराव चौगुले, वय बावन्न, त्या शेडचे मिस्त्री. दुपारी दोनच्या सुमारास असं ठरलं, की हे सगळं त्यांच्यामुळंच झालं. कारण खंडेनवमीला त्यांनी भिंतीची पूजा केली होती.

हे ऐकून मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. मी एम.एस्सी. आहे. वसाहतीच्या सामाईक प्रयोगशाळेची प्रमुख. प्रमुख म्हणजे मी आणि एक इन्फ्रारेड यंत्र. त्यातलं यंत्र जास्त विश्वासाचं मानलं जातं. भिंतीवर पाणी मारू नका, हे मी माझ्या नवऱ्याला सात वर्षं सांगत होते.

आता भिंतीबद्दल.

ओतीव लोखंडाचं काम कोल्हापूरला नवं नाही. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूत कोळशाची भुकटी मिसळलेली असते, ती अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. भट्ट्या विजेवर गेल्या, क्रेनला कॅमेरे आले, तरी वाळू वाळूच राहिली. पूर्वी यावरचा उपाय म्हणजे उंच खिडक्या आणि छताला मोठमोठे पंखे. मग श्वासफरशी आली.

या फरशीत झिओलाइट असतं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार दगड. इतका जाळीदार, की चमचाभर भुकटीच्या आतला पृष्ठभाग उलगडला तर फुटबॉलचं एक मैदान झाकून जाईल. (कोल्हापुरात याहून सोपं माप नाही.) जाळीत जिथं जिथं ॲल्युमिनियम असतो, तिथं एक ऋणभार उरतो, आणि तो फेडायला धातूचा एक धन आयन येऊन बसतो. जाळी तीच असते. त्या जागेवर कोण बसलंय, यावर सगळं ठरतं. हे मी फक्त झिओलाइटबद्दल बोलते आहे.

श्वासफरशीत तिथं तांबं बसवतात, एकच इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबं. कार्बन मोनॉक्साइड त्याला आपली इलेक्ट्रॉनची जोडी देऊ करतो, आणि तांबं आपल्याकडचे थोडे त्याला परत देतं. देणंघेणं दोन्हीकडून, म्हणून पकड घट्ट. दिवसभर भिंत वायू धरून ठेवते. संध्याकाळी फरश्या तापवून मागच्या नळीनं तो ओढून घ्यायचा आणि भट्टीखाली जाळायचा. सकाळी भिंत पुन्हा रिकामी.

फरशी आल्यापासून तीन वर्षांत कायदा आला, की अशी भिंत असेल तर शेड बंदिस्त ठेवता येईल. बंदिस्त शेडमध्ये उष्णता वाया जात नाही, धूर दिसत नाही, शेजारचे तक्रार करत नाहीत. पंखे भंगारात गेले. उंच खिडक्या विटांनी बुजवल्या, त्यातली शेवटची वीट मंत्र्यांनी लावली. काहीतरी बंद करून झालेलं ते आमच्याकडचं पहिलं उद्घाटन.

या व्यवस्थेत एकच गोष्ट लक्षात ठेवायची होती. माणसाच्या रक्तात लोखंड असतं, आणि कार्बन मोनॉक्साइड त्यालाही तसाच धरतो. भिंतीत तांबं असेल तर तो भिंतीकडं जातो. नसेल तर लोखंड आहेच.

आणि हे तांबं नाजूक असतं. फरशीवर पातळ पापुद्रा असतो, हवेतला दमटपणा तो अडवतो. पण वरून पाणी ओतलं तर ते आत झिरपतं. पाणी आणि हवा मिळून तांब्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. मग ते वायूला धरत नाही. मात्र जाताना खूण ठेवून जातं. पांढरी फरशी फिकट निळी पडते, मोरचुदाचं पाणी पडल्यासारखी.

खंडेनवमीला कारखान्यात काय चालतं ते सांगायला नको. घण, पान्हे, साचे, क्रेन, सगळं धुऊन हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. श्वासफरशी आल्यावर तीही पूजेत आली. जी वस्तू आपला जीव राखते तिला पाणी न लावता हळदकुंकू वाहणं सर्जेरावांना जमेना. दर वर्षी ते पाच फरश्यांवर पाणी शिंपडायचे, संध्याकाळपर्यंत तिथं निळे डाग उठायचे, मी घरी आरडाओरडा करायची आणि त्या पाच फरश्या बदलल्या जायच्या. कामगार त्या निळ्याला 'उठणं' म्हणत. निळं उठलं म्हणजे भिंतीनं पूजा मानली. मी त्याला मूर्खपणा म्हणे.

यंदा ऑगस्टमध्ये फरशीची नवी खेप आली आणि शेड बंद ठेवून खंडेनवमीपर्यंत सगळी भिंतच नवी बसवली. पहिली ओत दसऱ्यानंतर व्हायची होती. नव्या गाडीला करतात तशी नव्या भिंतीची पहिली पूजा दणक्यात झाली. चार बादल्या पाणी, वरपासून खालपर्यंत आंघोळ.

त्या संध्याकाळी मी कडाकण्या तळत होते. सर्जेराव हात धूत म्हणाले, "यंदा निळं उठलं न्हाई. चार बादल्या वतल्या सकाळी, तरी पांढरीफेक. ह्या खेपंला माल लई चांगला आलाय बघ."

कढईतून नजर न काढता, नीट न ऐकता मी म्हणाले, "बरं."

*

दवाखान्यात इस्माईल मुल्ला तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागला. इस्माईल क्रेन चालवतो. पंचवीस वर्षं तो वर आणि सर्जेराव खाली. पूजेचा नारळ दर वर्षी त्याचा असतो, कारण त्याच्या दारात झाड आहे आणि दुसऱ्या कुणाचा नारळ तो चालू देत नाही. विषारी वायूनं त्याच्या डोक्यातल्या काही गोष्टी पुसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, येतील परत, बऱ्याचशा.

सर्जेराव वॉर्डबाहेरच्या बाकावर होते. दोन दिवस तिथंच. त्यांनी जेवणाला हात लावला नव्हता आणि मी त्यांच्याशी बोलले नव्हते. सात वर्षं जे सांगितलं ते खरं ठरल्याचा एक वाईट प्रकारचा आनंद असतो. तो मला झाला होता. ते कबूल केलेलं बरं.

"वैनी," इस्माईल म्हणाला, "सर्जा आत का येईना?"

"तोंड दाखवायचं नाही म्हणतात. त्यांच्यामुळं झालं ना हे."

"त्येच्यामुळं? काय म्हणून?"

"पाणी मारलं भिंतीवर. मेली भिंत."

"मला पोरीच्या नवऱ्याचं नाव आठवंना झालंय," तो म्हणाला. "त्येचं काय एवढं न्हाई, आधीबी मी त्येला नावानं हाक मारत नव्हतो. पण ती भिंत मला आठवती. क्रेनवरनं सगळी दिसती ती. त्या दिवशी सकाळी कामावर चढलो, तवा दुधासारखी हुती. निळं कुठंच न्हाई. मेली म्हणतासा, तर मग निळी का झाली न्हाई वो?"

मी त्याच्याकडं पाहत राहिले. माझ्या डोळ्यांपुढं कढई आली.

"वैनी, बसा. तुमचं बी डोकं जड झालं काय?"

*

मी थेट प्रयोगशाळेत गेले. आमच्याकडं प्रत्येक खेपेतल्या एका फरशीचा तुकडा मोहोरबंद पाकिटात ठेवतात. ऑगस्टच्या खेपेचा तुकडा कपाटात होता. त्याला कुणी हळदकुंकू लावलं नव्हतं, पाणी मारलं नव्हतं. त्याला कुणी तपासलंही नव्हतं. नियम असा, की कंपनीचं प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर चाचणी ऐच्छिक. मी प्रमाणपत्र पाहिलं होतं, फार सुंदर छापलेलं होतं, आणि शिक्का मारला होता.

चाचणी तशी जुनीच आहे. गेल्या शतकातल्या लोकांनी शोधलेली. झिओलाइटच्या जाळीत कोण बसलंय ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आत हेर पाठवायचा. आणि हेर म्हणून सर्वांत चांगला कार्बन मोनॉक्साइडच. त्याच्या दोन अणूंमधला बंध सतत थरथरत असतो, आणि इन्फ्रारेड यंत्र ती थरथर आकड्यात सांगतं. मोकळा असेल तर २१४३. कुणाला टेकला की आकडा सरकतो, आणि प्रत्येक धातूवर वेगळा सरकतो. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्यावर बसला तर २१५७च्या आसपास, आणि खोलीच्या तापमानालाही तो तिथून हलत नाही. दोन गमावलेल्या, म्हणजे पाण्यानं बिघडलेल्या तांब्यावर आकडा त्याहून बराच वर. सोडियमवर २१७५च्या जवळ, आणि तिथं तो फक्त कडाक्याच्या थंडीत टेकतो, पाहुण्यासारखा चपला न काढता.

मी तुकडा निर्वात नळीत तापवला, द्रव नायट्रोजननं गार केला, आणि चिमूटभर वायू सोडला.

पडद्यावर एकच उंच रेघ उठली. २१७५.

चांगल्या तांब्याची रेघ असती तर माझ्या नवऱ्याला थोडीही आशा उरली नसती. ती नव्हती. बिघडलेल्या तांब्याचीही नव्हती. मी नमुना हळूहळू गरम होऊ दिला. शून्याच्याही कितीतरी खाली असतानाच रेघ बसत गेली आणि संपली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं, कारण तिसऱ्यांदा करण्यात काही चुकेल अशी मलाच थोडी इच्छा होती. चुकलं नाही.

त्या फरशीत तांबं कधी घातलंच नव्हतं. झिओलाइट बनतानाच त्यात सोडियम असतं. ते काढून तिथं तांबं बसवणं हेच खरं काम. कंपनीनं ते वगळून बाकी सगळं केलं होतं. भिंत नुसता दगड होती. चार बादल्या पाणी ओता की चाळीस, निळं उठणार कुठून?

सात वर्षं त्या शेडमध्ये एक साधी, फुकटची, दर वर्षी न चुकता होणारी चाचणी चालू होती. यंदा तिचा निकाल आला आणि तो माझ्या स्वयंपाकघरात मला सांगितला गेला. मी 'बरं' म्हणाले.

*

सर्जेराव बाकावरच होते. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि रेघेवर बोट ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

"म्हणजे इस्माईलला मी..."

"नाही. तुम्ही नाही."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग माझ्याकडं पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं पाहिलेलं मला आठवत नाही.

"मी तुला सांगितलं हुतं. निळं न्हाई म्हणून सांगितलं हुतं का न्हाई?"

"सांगितलं होतं."

"एवढी शिकलीयास तू."

शिक्काही माझाच आहे, हे मी सांगितलं. ते उठून आत गेले आणि इस्माईलच्या खाटेवर पायाशी बसले. दारातून मला ऐकू आलं.

"आलास व्हय?" इस्माईल म्हणाला. "मला वाटलं, आता नारळ दुसऱ्याकडनं घेतोस."

*

फरशी कंपनीचे सुरक्षा अधिकारी केळुसकर शनिवारी पुण्याहून आले. वय पस्तीस, बोलणं मऊ. वसाहतीच्या कार्यालयात त्यांनी आम्हा दोघांना बसवलं, चहा मागवला आणि सर्जेरावांपुढं एक छापील कागद सरकवला.

"काका, यात घाबरण्यासारखं काही नाही. 'श्रद्धेपोटी, अनवधानानं पाणी मारलं गेलं,' एवढंच आहे. तुमच्यावर कारवाई नाही. सोमवारपासून शेड सुरू. पुढच्या वर्षापासून पूजेला फरशीचा फोटो ठेवायचा, आम्ही फ्रेम करून देऊ."

"कुठल्या भिंतीवर सुरू?" मी विचारलं.

"तीच भिंत. वाळली आहे आता."

मी अहवाल पुढं ठेवला. पहिलं पान उलटून ते थेट आकड्यांवर गेले. रसायनशास्त्र त्यांना येत असावं, कारण दुसऱ्या पानावर त्यांचा चहा थांबला.

"मॅडम, तुम्ही मिस्त्रींच्या पत्नी आहात. हा अहवाल ग्राह्य कसा धरायचा?"

"कार्बन मोनॉक्साइड माझा नातेवाईक नाही. त्याला विचारा. त्याच तुकड्याचे मी तीन भाग केलेत. एक सरकारी कारखाना निरीक्षकांकडं गेला, एक विद्यापीठात. तिसरा तुम्हाला देते, तुमच्या यंत्रावर बघा."

"हे पाठवण्याआधी विचारायला हवं होतं."

"म्हणून आधी पाठवलं."

केळुसकरांनी पान उलटलं आणि त्यांना धीर आला. "या खेपेवर 'योग्य' असा शिक्का तुमचाच आहे. हा अहवाल बाहेर गेला तर पहिली नोकरी कुणाची जाईल?"

"माझी. पहिलंच वाक्य वाचा की. 'चाचणी न करता शिक्का मी मारला.' बाकीचं त्याच्या खाली आहे."

त्यांनी अहवाल मिटला. मग सर्जेरावांकडं वळले, कारण पुण्याकडची माणसं आमच्याकडं नेहमी चुकीच्या माणसाला मऊ समजतात. "काका, तुम्ही समजूतदार आहात. दीडशे घरांची चूल आहे. सोमवारी शेड सुरू व्हायला नको?"

"व्हायला पायजे," सर्जेराव म्हणाले. "मी सही करतो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"पण आज न्हाई. सोमवारी. तिथं शेडात, सगळ्यांसमोर. तुम्ही या."

केळुसकर हसले. "येतो की."

*

रविवारी माझ्या निलंबनाचं पत्र आलं. त्यात माझ्या दीर्घ सेवेचा गौरवपूर्ण उल्लेख होता.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी गेटवर होते, आता नुसती मिस्त्रींची बायको म्हणून. भट्टी शेजारच्या खोलीत, ती वेळापत्रकानं आपोआप चालते. पाच टन लोखंड वितळून तयार होतं. वितळलेलं लोखंड माणसांसारखं वाट बघत बसत नाही. दोन तासांत ओतलं नाही तर भट्टीचं अस्तर जायला लागतं, आणि मालकाचा फोन यायला लागतो.

कामगार मात्र आत नव्हते. दीडशे माणसं अंगणात उभी होती. दार सताड उघडं होतं आणि आत, पांढऱ्या भिंतीला लागून, एक खुर्ची मांडली होती. चांगली, हातांची, कार्यालयातली. शेजारी स्टुलावर झाकण ठेवलेला चहा.

केळुसकर आले, खुर्चीकडं पाहून थांबले.

"काय आहे हे?"

"तुमची जागा," सर्जेराव म्हणाले. "भिंत चांगली हाय म्हणतासा न्हवं? तुम्ही बसा तिथं. दार लावून घेऊ. एक ओत हुईल, चाळीस मिन्टं. मी आत असंन, दुसरं कोन न्हाई. ओत संपली की तिथंच सही करतो. पुढच्या सात पिढ्या माझं चुकलं म्हणून लिहून देतो."

हे मला त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. माझा हात त्यांच्या बाहीकडं गेला. त्यांनी तो अलगद बाजूला केला, पण सोडला नाही.

केळुसकर म्हणाले, "असं करण्याची पद्धत नाही."

"आमच्याकडं रोज असंच करत्यात. दिवसाला नऊ ओती."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, चा गार हुतोय."

कुणी हसलं नाही. केळुसकरांनी खुर्चीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. भिंत छान पांढरी होती. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातला फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला आणि दारापासून दोन पावलं मागं आले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला वायू मोजायचा छोटा मीटर लावलेला होता. शनिवारी तो माझ्या लक्षात आला नव्हता, आता दिसला. कामगारांनाही दिसला.

"मिस्त्री," मागून आवाज आला, "सायबाचा स्वतःच्या फरशीवर भरवसा न्हाई गा."

"गप बस," सर्जेराव म्हणाले. "बोलू दे त्यांना."

केळुसकरांच्या हातातला फोन वाजत होता. तो फाउंड्रीच्या मालकांचा होता हे सगळ्यांना कळत होतं, कारण त्यांनी तो उचलताना पाठ ताठ केली. "हो सर," ते म्हणाले. "नाही सर. लोक बाहेर आहेत. नाही, मी आत... नाही सर, मी आत जाणं बरोबर होणार नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. भट्टीच्या खोलीतून घरघर वाढत चालली होती.

फोन ठेवून ते सर्जेरावांकडं आले. आवाज मऊच होता, पण त्यात आता पुणं फारसं नव्हतं.

"मालक विचारतायत, ओत कशी होईल?"

"खिडक्या उघडल्या तर हुईल. पयल्यासारखी."

"त्या तर विटांनी बुजवल्यात."

"व्हय. फोडायला लागतील."

सर्जेरावांच्या मागं तीस-चाळीस माणसं पुढं सरकली. प्रत्येकाच्या हातात घण होता. खंडेनवमीचं हळदकुंकू अजून त्यांवर होतं.

"किती वेळ लागेल?" केळुसकरांनी विचारलं.

"तुम्ही दारापुढनं बाजूला झालासा की लगीच."

केळुसकर बाजूला झाले.